डेटा सेंटरला पाणी किती लागतं, आणि तो आकडा गावाला का सांगत नाहीत?

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, द डॅल्स नावाचं सोळा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. आपल्या हिशेबाने एखादं तालुक्याचं ठिकाण. आजूबाजूला चेरीच्या बागा, गव्हाची शेती, नदीवर १९५७ साली पुरं झालेलं धरण आणि २००६ पासून गूगलची डेटा सेंटर. कंपनी तिथे जागा घ्यायला आली तेव्हा 'डिझाइन एलएलसी' या भलत्याच नावाने आली होती. २०२१ मध्ये 'द ओरेगोनियन' या पोर्टलँडच्या वर्तमानपत्राने नगरपालिकेकडे एक साधी माहिती मागितली: गूगल दरवर्षी गावाचं किती पाणी वापरतं? नगरपालिकेने नकार दिला. हा आकडा म्हणजे कंपनीचं व्यापारी गुपित आहे, असं तिचं म्हणणं. वर्तमानपत्राने सरकारी वकिलाकडे दाद मागितली आणि त्याने माहिती देण्याचा आदेश दिला. त्यावर नगरपालिकेने काय केलं, तर माहिती मागणाऱ्या वर्तमानपत्रालाच कोर्टात खेचलं. नगरपालिकेच्या या खटल्याचा खर्च गूगलने उचलला.

तेरा महिन्यांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, तडजोड झाली आणि आकडा बाहेर आला. २०२१ या एका वर्षात गूगलने ३५ कोटी ५१ लाख गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर पाणी वापरलं होतं. गावाच्या एकूण वापरातला पाव हिस्स्याहून मोठा वाटा एकट्या कंपनीचा. पाच वर्षांत हा वापर जवळजवळ तिप्पट झाला होता.

डेटा सेंटर आणि पाणी या विषयावर सध्या खूप बोललं जातं. त्यातलं बरंचसं बोलणं 'चॅटबॉटला एक प्रश्न विचारला की किती पाणी उडतं' याभोवती फिरतं. मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. द डॅल्समध्ये लोक ज्यासाठी भांडत होते ती गोष्ट निराळी होती. आपल्या गावच्या ओढ्यातलं आणि विहिरीतलं पाणी कोण नेतं, कोणत्या महिन्यात नेतं आणि किती नेतं, हे गावाला कळायला हवं एवढीच त्यांची मागणी होती. पण ही मागणी किती रास्त आहे हे समजायला आधी डेटा सेंटरला पाणी लागतंच का, हे पाहावं लागेल.

वीज आत जाते, उष्णता बाहेर येते

डेटा सेंटर म्हणजे हजारो सर्व्हरनी भरलेली इमारत. आपले फोटो, बँकेचे व्यवहार, यूपीआय, व्हिडिओ, रेल्वेची तिकिटं आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितं, हे सगळं अशा इमारतींत चालतं. सर्व्हर वीज खातो, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता चोवीस तास, बाराही महिने इमारतीबाहेर काढावी लागते. नाही काढली तर यंत्रं काही मिनिटांत बंद पडतात.

उष्णता बाहेर टाकायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याचं बाष्पीभवन. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने: त्याच्या अंगावर पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता सोबत नेतं. डेटा सेंटरच्या छतावर किंवा आवारात जे कूलिंग टॉवर असतात ते हेच काम फार मोठ्या मापात करतात. आतलं गरम पाणी टॉवरमध्ये वरून खाली सोडतात, पंख्याने त्यातून हवा खेचतात, थोडं पाणी वाफ होऊन आकाशात जातं, उरलेलं गार होऊन पुन्हा आत फिरतं.

किती पाणी उडतं याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल उष्णता. साधारण ३० अंशाला एक लिटर पाण्याची वाफ करायला २४०० किलोज्यूलच्या थोडी वर उष्णता लागते. म्हणजे एका युनिटची उष्णता बाष्पीभवनाने घालवायची तर सुमारे दीड लिटर पाणी उडतं. एक मेगावॅटचं डेटा सेंटर दिवसाला २४ हजार युनिट वीज घेतं, तेव्हा ३६ हजार लिटर. शंभर मेगावॅटचं असेल तर दिवसाला ३६ लाख लिटर. आपल्या शहरांत पाणीयोजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. त्या मापाने हे सव्वीस हजारांहून जास्त माणसांचं पाणी झालं.

हा आकडा सगळी उष्णता बाष्पीभवनानेच घालवली तर येणारा. प्रत्यक्षात हवा थंड असेल तेव्हा अनेक ठिकाणी पाणी कमी लागतं किंवा अजिबात लागत नाही. दुसऱ्या बाजूला, वाफेखेरीज आणखी एक खर्च आहे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टॉवरमधलं पाणी दिवसेंदिवस खारट आणि जड होत जातं, नळ्यांवर पापुद्रे धरतात. म्हणून ते ठरावीक मर्यादेनंतर काढून टाकून ताजं पाणी भरावं लागतं. क्षार पाचपट होईपर्यंत तेच पाणी फिरवलं, तर घेतलेल्या पाण्यातला पाचवा हिस्सा असा सांडपाण्यात जातो.

कंपन्यांना पिण्याच्या पाण्याचा मोह पडतो तो इथे. नळाचं पाणी स्वच्छ, क्षार कमी, दर्जा रोज सारखा आणि पाइप आधीच दारापर्यंत आलेला. सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, पण त्याला वेगळी वाहिनी, वेगळं शुद्धीकरण केंद्र आणि रोजची देखरेख लागते. यात तांत्रिक अशक्य काही नाही. अडतं ते खर्चावर.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. घरात आपण वापरलेलं पाणी बहुतेक गटारात जातं. आपल्याकडच्या नियोजनात पुरवलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरतात. ते शुद्ध करून नदीत सोडता येतं, खालच्या गावाच्या उपयोगी पडतं. टॉवरमधून उडालेली वाफ कुठे तरी पाऊस होऊन पडेलही, पण त्या खोऱ्यातून ते पाणी गेलेलं असतं. त्यामुळे 'आम्ही एवढ्या घरांइतकंच पाणी घेतो' ही तुलना कंपनीच्या सोयीची आहे. घरं पाणी घेतात आणि बरंचसं परत देतात.

थेंबांचा वाद

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या शाओलेई रेन आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की जीपीटी-३ या भाषा मॉडेलकडून मध्यम लांबीची दहा ते पन्नास उत्तरं घेतली की अर्धा लिटर पाणी खर्च होतं. ती अर्ध्या लिटरची बाटली जगभर गाजली. २०२५ च्या जूनमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी एका प्रश्नामागे ०.००००८५ गॅलन, म्हणजे लिटरच्या तीन हजाराव्या भागाइतकं पाणी, असं सांगितलं. ऑगस्टमध्ये गूगलने आपल्या जेमिनी या चॅटबॉटच्या एका प्रश्नासाठी ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाच थेंब, असं जाहीर केलं.

इतकी तफावत कशी? मॉडेल वेगळी आहेत, यंत्रं सुधारली आहेत, हे खरंच. पण मोठं कारण हिशेबाच्या कुंपणात आहे. रेन यांच्या आकड्यात वीज तयार करताना औष्णिक केंद्रात उडालेलं पाणीही धरलं आहे. गूगलच्या पाच थेंबांत ते नाही. कुंपण कुठे घातलंय हे न विचारता दोन आकडे शेजारी ठेवले की वाद कधी संपतच नाही.

आणि समजा पाच थेंब हा आकडा बरोबर आहे. तरी द डॅल्सच्या माणसाला त्याने काय कळणार? जगभरातून येणारे प्रश्न मोजक्या इमारतींत गोळा होतात. थेंब जगाचे, पण ते भरले जातात एका गावाच्या नळातून. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये तिथल्या सगळ्या डेटा सेंटरनी थंडाव्यासाठी मिळून सुमारे ६,६०० कोटी लिटर पाणी खर्चलं. देशाच्या शेतीपुढे हे किरकोळ आहे, आणि उद्योगाचे लोक हे बरोबर सांगतात. आपल्याकडेही उसाच्या पाण्याशी तुलना केली तर डेटा सेंटर कुठेच दिसणार नाहीत. पण पाण्याची टंचाई देशाच्या सरासरीवर येत नाही. ती एका खोऱ्यात, एका धरणात, एका महिन्यात येते.

कोणाचा नळ, कोणता महिना

द डॅल्सच्या लोकांना बाहेरचे लोक हमखास विचारत: एवढी मोठी कोलंबिया नदी दारातून वाहते, मग चिंता कसली? पण गावाचं पाणी नदीतून येत नाही. ते येतं डोंगरातल्या मिल क्रीक या ओढ्यातून आणि काही विहिरींतून. जमिनीखालचं पाणी आधीच इतकं उपसलं गेलं होतं की तो भाग भूजलासाठी चिंताजनक म्हणून जाहीर झालेला. नदीकाठी राहून पाण्यासाठी धास्तावणं आपल्याला समजावून सांगायला नको. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. डोळ्यांना दिसणारं पाणी आणि हक्काचं पाणी यांत मोठं अंतर असतं.

आता महिन्याचं. सर्व्हर बारा महिने तापतात, पण बाष्पीभवनाची गरज सर्वांत जास्त पडते ती ऐन उन्हाळ्यात. आयोवा राज्यातल्या वेस्ट डी मॉइनमध्ये मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर आहेत, जिथे जीपीटी-४ घडवलं गेलं. तिथली हवा वर्षातला बराच काळ इतकी थंड असते की बाहेरची हवाच पुरते. पारा २९ अंशांच्या वर गेला की पाणी सुरू होतं. जुलै २०२२ या एका महिन्यात त्या केंद्रांनी १ कोटी १५ लाख गॅलन, म्हणजे चार कोटी लिटरहून जास्त पाणी घेतलं. त्या पाणीपुरवठा क्षेत्राच्या महिन्याच्या एकूण वापरातला हा सुमारे सहा टक्के वाटा. पुढे तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने ठरवलं की कंपनीचे नवे प्रकल्प विचारात घ्यायचे ते त्यांनी ऐन गरजेच्या दिवसांतला वापर बराच कमी करून दाखवला तरच. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. वर्षाची बेरीज कंपनीच्या अहवालात शोभते, पण जलवाहिनी, पंप आणि टाकी यांच्यावर ताण येतो तो सर्वांत तापलेल्या दिवशी. त्याच दिवशी लोकांचाही वापर वाढलेला असतो आणि धरण तळाला गेलेलं असतं.

२०२३ मध्ये उरुग्वेत हे सगळं एकदम समोर आलं. दक्षिण अमेरिकेतल्या या छोट्या देशात पाऊस इतका कमी झाला की राजधानी मोंतेविदेओला पाणी देणारं पासो सेवेरिनो धरण आटलं. सरकारी पाणीपुरवठा कंपनीने खाडीचं मचूळ पाणी मिसळून नळाला सोडलं. घराघरांत खारट पाणी येत होतं, ज्यांना परवडे ते बाटल्या विकत घेत. त्याच वेळी राजधानीलगतच्या कानेलोनेस भागात गूगलच्या डेटा सेंटरचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर होता. पाणी किती लागणार हे जाहीर केलं नव्हतं. एका संशोधकाने कोर्टात जाऊन ते उघड करायला लावलं: दिवसाला ७६ लाख लिटर, म्हणजे पंचावन्न हजार माणसांच्या घरगुती वापराइतकं. मोर्च्यांत आणि भिंतींवर एक घोषणा दिसू लागली: हा दुष्काळ नाही, ही लूट आहे. कंपनीचं म्हणणं होतं की आकडे प्राथमिक आहेत. पुढे आराखडा बदलला. प्रकल्प आटोपशीर झाला आणि पाण्याऐवजी हवेने थंड करण्याची पद्धत आली.

चिलेतही असंच. राजधानी सांतियागोच्या सेरियोस भागात गूगलने सेकंदाला १६९ लिटर भूजल उपसण्याची तयारी केली होती. दिवसाचा हिशेब केला तर दीड कोटी लिटरच्या जवळ. तो देश २०१० पासून दीर्घ दुष्काळात होता. वस्तीतल्या लोकांनी मोसाकात नावाची संघटना उभी केली, हजारो पानांची पर्यावरण कागदपत्रं स्वतः वाचून काढली आणि उपशाचा तो आकडा त्यांना त्यात सापडला. २०२४ मध्ये पर्यावरण न्यायालयाने परवानगी अंशतः रद्द केली आणि हवामानबदलाचा विचार करून फेरमूल्यमापन करायला सांगितलं. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं की जुना आराखडा सोडून हवेने थंड होणाऱ्या केंद्राचा नवा प्रस्ताव आणू.

दोन्ही ठिकाणी कंपनीकडे कमी पाण्याची पद्धत आधीपासून होती. ती वापरात आली ती आकडा उघडा पडल्यानंतर. म्हणूनच मी म्हणतो की आकडा लपवणं ही या प्रकरणातली दुय्यम गोष्ट नाही.

मग बिनपाण्याची पद्धत सगळीकडे का नाही?

आहे, आणि वाढते आहे. चिपच्या अंगालगत द्रव फिरवून उष्णता उचलायची, आणि तोच द्रव बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा वापरायचा. एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं चालतं. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस सांगितलं की त्यांच्या नव्या रचनेत थंडाव्यासाठी पाण्याचं बाष्पीभवन होणार नाही आणि त्यामुळे प्रत्येक केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटर पाणी वाचेल. 'बंद नळ्या' हा शब्द ऐकून मात्र लगेच निश्चिंत होऊ नये. आतल्या नळ्या बंद असल्या तरी त्यांनी आणलेली उष्णता शेवटी कुठे तरी टाकावी लागते. ती बाहेरच्या कूलिंग टॉवरमध्ये टाकली तर पाणी उडतंच. पंख्यांनी आणि चिलरने, म्हणजे विजेवर गारवा तयार करणाऱ्या यंत्रांनी, हवेत टाकली तर पाणी वाचतं, पण वीज जास्त लागते, आणि उन्हाळ्यात ती आणखी वाढते.

आणि विजेलाही पाणी लागतं. भारतात जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. म्हणजे कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या केंद्राने दारातलं पाणी वाचवलं, तर दूरच्या वीज केंद्राच्या दारात ते खर्च होतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे मराठवाड्यातल्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेच्या त्याच बर्कली अहवालात डेटा सेंटरच्या विजेमागचं अप्रत्यक्ष पाणी सुमारे ८० हजार कोटी लिटर दिलं आहे, दारातल्या पाण्याच्या बारा पट. सौर आणि पवन वीज असेल तर हा भार खूपच हलका होतो. त्यामुळे 'पाणी किती' हा प्रश्न 'वीज कुठली' या प्रश्नापासून तोडता येत नाही.

सांडपाण्याचा मार्ग मला सर्वांत व्यवहारी वाटतो. जॉर्जिया राज्यातल्या डग्लस काउंटीत गूगलचं केंद्र अनेक वर्षं शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालतं. फिनलंडमधल्या हामिनात तर जुनी कागद गिरणी विकत घेऊन तिथल्या बोगद्यातून समुद्राचं पाणी आणलं आहे. जागा पाहून मार्ग निवडता येतो, एवढं यातून दिसतं.

एका आश्वासनाबद्दल मात्र सावध राहायला हवं. बड्या कंपन्या सांगतात की २०३० पर्यंत आम्ही वापरू त्याहून जास्त पाणी निसर्गाला परत देऊ. ओढे पुनरुज्जीवित करणं, शेतीतली गळती थांबवणं, अशी कामं त्यात येतात आणि ती चांगलीच आहेत. पण ती दुसऱ्या खोऱ्यात झाली तर माझ्या विहिरीची पातळी वर येत नाही. कागदावरची वजाबाकी बरोबर असूनही गाव तहानलेलं राहू शकतं.

आपल्या दाराशी

हा विषय परदेशचा राहिलेला नाही. भारतातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई महानगर प्रदेशाचा आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, वित्तसंस्था इथेच आहेत, वीजपुरवठा बरा आहे. म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात या बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. पुण्यात मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा २०१५ पासून आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमला १५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा केली, आणि तिथे भाषा मेगावॅटची राहिलेली नाही, गिगावॅटची, म्हणजे हजार मेगावॅटच्या मापाची, झाली आहे.

कोकणपट्टीची हवा दमट. दमट हवेत पाणी सहज उडत नाही, म्हणून नवी मुंबईत बाष्पीभवनाचा फायदा मर्यादित असतो. पुणे, नागपूर, संभाजीनगर इथली उन्हाळ्याची कोरडी हवा बाष्पीभवनाला आदर्श. म्हणजे पाण्याने थंड करण्याचा मोह तिथेच जास्त होणार, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पाणी सर्वांत कमी असतं. देशाच्या आतल्या भागात प्रकल्प सरकू लागतील तेव्हा हे डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला पाणी देते एमआयडीसी, मुख्यतः बदलापूरजवळच्या बारवी धरणातून. तेच धरण ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातल्या वस्त्यांनाही पाणी पुरवतं. पाऊस लांबला की तिथे पाणीकपात सुरू होते. अशा वेळी कपात कोणाला किती आणि चोवीस तास चालणाऱ्या केंद्रांना किती, हा प्रश्न विचारायचा हक्क त्या वस्त्यांना आहे. चांगली बाजूही इथेच आहे. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली इथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची, सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी केंद्रं उद्योगांना पाणी देण्यासाठी उभी केली आहेत. थंडाव्यासाठी हे पाणी चालतं. पिण्याचं पाणी टॉवरमध्ये उडवण्याला इथे तरी सबब उरत नाही.

कायद्याच्या बाजूने आपली तटबंदी कमजोर आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत डेटा सेंटर असं स्वतंत्र शीर्षक नाही. ती मोठं बांधकाम म्हणून तपासली जातात, एखाद्या मॉल किंवा गृहसंकुलासारखी. बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या वस्तीला भर सभेत प्रश्न विचारायची संधीच येत नाही.

उरतो तो माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गुपितांना संरक्षण आहे, म्हणजे द डॅल्सच्या नगरपालिकेने दिलेलं उत्तर आपल्याकडेही मिळू शकतं. पण त्याच कलमात पुढे लिहिलं आहे की व्यापक जनहित असेल तर ती माहिती द्यावी. आणि कलम १० सांगतं की थोडा भाग गोपनीय असला तरी उरलेला भाग वेगळा काढून द्यावा लागतो. द डॅल्समध्ये त्या तडजोडीनंतर गूगलने पाण्याचा आकडा गुपित असल्याचा दावा सोडला, आणि आता अमेरिकेतल्या केंद्रांचे स्थळनिहाय आकडे कंपनीच्या वार्षिक अहवालात छापले जातात. गुपित फुटून कंपनीचं काही बिघडलेलं दिसत नाही. आपल्याकडे असा दावा झाला तर अपिलात हे उदाहरण जरूर मांडावं.

अर्ज करायचा तो कंपनीकडे नाही. एमआयडीसी किंवा महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'पाण्याबद्दल सगळी माहिती द्या' असं लिहून उपयोग नाही. भूखंडाचा क्रमांक लिहावा. मंजूर कोटा दिवसाला किती लिटर, पाणी कोणत्या स्रोताचं, पिण्याचं की प्रक्रिया केलेलं, आणि पाणीकपातीच्या काळात त्या जोडणीला कोणता नियम लागू होता, एवढं मागावं. मीटरच्या नोंदी मागताना महिनावार मागाव्यात, मागच्या तीन वर्षांच्या, आणि मार्च ते जूनचा उल्लेख वेगळा करावा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. उत्तरात नुसती वर्षाची बेरीज आली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील दाखल करता येतं.